फुलोरीची राळ

साल 950च्या आसपास. जागा मराठवाड्यातलं कंधार. राष्ट्रकूटांचा तिसरा कृष्ण गादीवर आहे आणि तुम्ही एका वैद्याच्या ओसरीवर चुलीची धग सोसत बसला आहात. कढईतल्या तिळाच्या तेलात मंजिष्ठा आणि अनंतमूळ कधीच कढलंय. आता मेणाची ढेप आणि कुटलेली राळ पडते. हे चरकसंहितेतलं पिंडतैल, वातरक्तानं ठणकणाऱ्या सांध्यांना चोळायचं. मेण मोहोळ झाडणाऱ्यानं आणून दिलं, राळ बाजारातून घेतली.

माशीच मेण आणि राळ एकत्र कालवून देत असेल तर, असं तुम्ही विचारून बघता. वैद्यबुवा भुवया उंचावतात. माशी मध देते, मेण देते, राळ झाडाची! त्यांचं काही चुकत नाही. आग्या माशी कड्याला उघडं पोळं लावते. सातेरी माशी ढोलीत राहते, पण राळेच्या नादी फारशी लागत नाही. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलच्या ग्रंथात मात्र बाराशे-तेराशे वर्षं आधीच नोंद आहे: पोळ्याच्या तोंडाशी असणारा काळा, उग्र वासाचा पदार्थ मुका मार आणि पिकलेल्या जखमांवर लावतात. तोच प्रोपोलिस, माशीनं मेणात कालवलेली राळ. तिकडची माशी वेगळी, तिच्याभोवतीची झाडंही वेगळी.

डोळे मिटून उघडा. 1990, लातूरकडचा औसा तालुका. सोयाबीननं अजून रान व्यापलेलं नाही, सूर्यफुलाला चांगले दिवस आहेत. बांधावरच्या बोरीत, काटे चुकवत आत डोकावा. हातभर उंचीवर फुलोरी माशीचं तळहाताएवढं मोहोळ, एकच पोळं, फांदीला धरून. त्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर राळेचं तपकिरी, चकचकीत कडं सारवलेलं आहे. बोट टेकवलंत तर काकवीसारखी तार सुटते. खालून मुंग्यांची रांग येते, कड्यापाशी थबकते, मिशा हलवते, मागे वळते. एक धीट मुंगी पाय टाकते आणि अडकते.

"हात नका लावू, मुंग्यांसाठी हाय ते," मागून शेळ्या राखणारा पोरगा म्हणतो. "वर चढंनात बगा."

एवढी राळ गोळा करायला मोहोळच मोडावं लागेल, आणि पदरात चिमूटभर पडेल. म्हणूनच मराठवाड्याला हा जिन्नस डोळ्यांसमोर असूनही विकाऊ वाटला नाही.

विकाऊ झाला तो इटालियन माशीमुळे. 1962 साली ती हिमाचलातल्या नगरोटा बगवानला आणून रुजवली गेली, आणि पुढे तिच्या पेट्या देशभर फिरू लागल्या. आज सूर्यफुलाच्या कडेला ठेवलेल्या पेटीचं झाकण पटाशीनं उचकटा. कट्ट असा आवाज येतो. फट दिसली की ही माशी राळेनं लिंपते. पेटीवाले चौकटींवर प्लॅस्टिकची जाळी टाकतात, भरली की फ्रीझरमध्ये ठेवतात. लातूरच्या उन्हात बोटांना चिकटणारा माल गारठला की कडक होतो. जाळी वाकवली की तुकडे झडतात. पेटीमागे वर्षाला निघतो तो बहुधा पाव किलोच्या आतच.

मग हे तुकडे दळून साधारण सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये काही दिवस भिजवायचे, हलवायचे, गाळायचे. गाळलेलं द्रावण गार केलं की मेण वेगळं बसतं. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, राळेला अल्कोहोल लागतं, म्हणून नुसत्या पाण्यात काढलेला अर्क वेगळाच निघतो. हाच अर्क गोळ्यांत, टूथपेस्टमध्ये, मलमात जातो.

इथे मला विक्रेत्यांचा राग येतो. युरोपातला प्रोपोलिस मुख्यतः पॉपलरच्या कळ्यांचा, ब्राझीलचा हिरवा प्रोपोलिस बॅखारिस नावाच्या झुडपाचा. आपल्याकडच्या झाडांवरून आलेल्या मालाला तिकडच्या अभ्यासांचे दाखले कसे चालतील? शिवाय राळ नाही मिळाली तर माशी डांबर आणि ओला रंगही उचलते. शिसं, कीटकनाशकं चिकटतात ती वेगळीच. काहींच्या कातडीला यानं पुरळ उठतं.

तुम्ही आता नांदेडच्या दुकानात उभे आहात. प्रोपोलिसच्या बाटलीवर टक्केवारी ठळक छापली आहे. माशी कोणती, झाडं कुठली, चाचणीत काय निघालं, यातलं काहीच नाही.

"कुठला माल हा?" तुम्ही विचारता.

"पुण्याहून येतो," दुकानदार म्हणतो. "बिल करू का?"