घरच्या घरी ‘माइल्ड हायपरबेरिक ऑक्सिजन’: पर्याय किती सुरक्षित?

घरात पक्षाघाताचा रुग्ण असो, स्वमग्न मूल असो की मधुमेहामुळे पायाची न भरणारी जखम, ‘हायपरबेरिक ऑक्सिजन करून बघा’ हा सल्ला हल्ली कुठून ना कुठून येतोच. मोठ्या शहरातली सत्रं परवडत नाहीत. मग फुगवायचा कापडी चेंबर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नाहीतर त्याहून स्वस्त काही, असा शोध सुरू होतो.

मूळ उपचार पक्क्या बांधणीच्या चेंबरमध्ये होतो. हवेच्या दोन ते तीन पट दाबाखाली रुग्णाला १०० टक्के ऑक्सिजन देतात. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गॅस गँगरीन, मधुमेही पायाच्या काही जखमा, खोल पाण्यातून घाईने वर आल्यावर होणारा त्रास, अशा ठरावीक आजारांसाठी तो मान्य आहे. साध्या हवेत १०० मिली रक्तात जेमतेम ०.३ मिली ऑक्सिजन विरघळलेला असतो. तीन पट दाबावर तो ६ मिलीच्या आसपास जातो. उपचाराची ताकद आहे ती यातच.

‘माइल्ड’ चेंबरमध्ये दाब असतो १.३ पट, म्हणजे विहिरीत दहा फूट पाण्याखाली असतो तेवढा. आत साधी हवा असेल तर हिशेब सोपा आहे: २१ टक्के गुणिले १.३, म्हणजे साधारण २७ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखं. एवढा तर नाकाला नळी लावून मिनिटाला दोन लिटर सोडला तरी मिळतो. आणि निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आधीच ९५ टक्क्यांवर भरलेलं असतं. अमेरिकेच्या एफडीएने कापडी चेंबरला मान्यता दिली ती उंच पर्वतांवर होणाऱ्या त्रासापुरती. स्वमग्नतेबाबत २०१६च्या कॉक्रेन आढाव्यातही फायद्याचा पुरावा सापडला नाही.

मग नळीच लावली तर? २०२१च्या दुसऱ्या लाटेत घेतलेले कॉन्सन्ट्रेटर कित्येक घरांत पडून आहेत. पण ऑक्सिजन हे औषध आहे. सीओपीडीच्या रुग्णाला तो जास्त झाला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येऊ शकते. म्हणून अशा रुग्णांचं प्रमाण डॉक्टर सहसा ८८ ते ९२ टक्क्यांदरम्यान ठेवतात. ऑक्सिमीटरवर ९९ दिसलं म्हणून खूश व्हायचं कारण नाही.

दुसरा धोका आगीचा. ऑक्सिजन कपड्यांत, अंथरुणात, केसांत मुरतो. देवघरातली समई, उदबत्ती, गॅसची शेगडी, विडी, सगळं किमान दहा फूट लांब हवं. नाक कोरडं पडलं तरी व्हॅसलीन लावू नये.

सगळ्यात वाईट जुगाड म्हणजे कॉन्सन्ट्रेटरची नळी कापडी चेंबरमध्ये सोडणं. हवेतला ऑक्सिजन साडेतेवीस टक्क्यांवर गेला की अग्निसुरक्षेच्या नियमांत ते वातावरण धोक्याचं धरतात, आणि इथे तर माणूस चेन लावून आत कोंडलेला. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात चेंबरला आग लागून पाच वर्षांचा मुलगा दगावला. ते घर नव्हतं, उपचार केंद्र होतं. आपल्याकडे त्यात वीज जाण्याची भर: पंप थांबला की ताजी हवा बंद होते आणि आत कार्बन डायऑक्साइड वाढू लागतो. शिवाय दाबामुळे कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर दाब जिवावर बेततो.

स्वस्त पर्यायांत हायड्रोजन पेरॉक्साइड पिणं किंवा त्याची वाफ घेणं हा सरळ विषप्रयोग आहे. घसा, आतडी, फुप्फुसं भाजतात. कोविडकाळातली कापूर-ओवा-लवंगेची पुरचुंडी ऑक्सिजन वाढवत नाही, उलट लहान मुलाच्या पोटात कापूर गेला तर झटके येतात. प्राणायाम खुशाल करावा, पण त्याने हवेचा दाब वाढत नाही. श्वास रोखण्याचे प्रयोग विहिरीत किंवा तलावात तर नकोच. पाण्यातच शुद्ध हरपते.

मधुमेही पायाच्या बाबतीत या प्रयोगांत जातो तो वेळ महागात पडतो. साखर आटोक्यात आणणं, जखमेवरचा भार काढणं, पायाचा रक्तपुरवठा तपासून घेणं हे आधी. चेंबर लागलाच तर त्यानंतर, आणि तोही रुग्णालयातला. जखम काळी पडली, वास येऊ लागला किंवा ताप भरला, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावं.