पाणी नाकाशी आल्यावर



माकडीण आणि तिचे पिल्लू यांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. बादशहाने कोरड्या हौदात दोघांना सोडले आणि वरून पाणी सोडावयास सांगितले. पाणी कमरेला लागले तेव्हा माकडिणीने पिल्लाला कडेवर घेतले. गळ्याशी आले तेव्हा डोक्यावर घेतले. पण नाकातोंडात जाऊ लागले तेव्हा तिने पिल्लाला पायाखाली घातले आणि त्याच्यावर ती उभी राहिली. बिरबल म्हणाला, ‘खाविंद, स्वतःच्या जिवापेक्षा प्रिय असे जगात काही नाही.’ गोष्ट येथे संपते आणि ऐकणारा मान डोलावतो.

या एवढ्याशा गोष्टीवर आपण नीतीचे एक शास्त्रच उभारले आहे. दुष्काळ पडला, साथ आली, दंगल पेटली की ‘शेवटी ज्याला त्याला आपला जीव प्यारा’ असे म्हणून आपण मोकळे होतो. म्हणजे नीती ही सुकाळातली चैन. समाजाची घडी विसकटली की तिचा हिशेब मिटला! हे शास्त्र खरे की खोटे, हे आज मला तपासावयाचे आहे. ते मी गोष्टीतल्या हौदात तपासणार नाही. इतिहासात, तारीखवार तपासणार आहे.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचा रोगी ओळखला. त्या वेळी आपला जिल्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, आणि वऱ्हाडचा कापूस आगगाडीने मुंबईस जाई. त्या मुंबईची वस्ती आठ लाखांच्या वर होती. फेब्रुवारी 1897 उजाडेपर्यंत त्यांतली निम्म्याच्या जवळपास माणसे शहर सोडून गेली होती. रोग्याला घरातून उचलून इस्पितळात नेत. आणि इस्पितळात गेलेला परत येत नाही, तेथे माणसे मुद्दाम मारतात, अशी बोलवा चाळीचाळीतून पसरली. 29 ऑक्टोबर 1896 रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. जे घर बरे करण्यासाठी बांधले, त्यावरच दगड पडले. पुढे गिरण्यांत माणूस मिळेनासा झाला. कामगाराचा महिन्या-महिन्याचा पगार अडकवून ठेवणारे मालक आता रोजच्या रोज रोख मजुरी देऊ लागले. नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली होऊ लागली. सरकार, बाजार, शेजार, सगळ्यांची घडी एकदम विसकटली.

आता जे पळाले त्यांना आपण माकडिणीच्या पंक्तीला बसवावयाचे काय? मी तसे करणार नाही. बिरबलाच्या गोष्टीत एक प्रश्न कोणी विचारतच नाही: हौदात पाणी कोण सोडत होते? बादशहा काठावर उभा राहून पाणी सोडवितो, आणि परीक्षा मात्र माकडिणीची होते! गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होता. आजारी पडला तर त्याला पगार नाही, मेला तर मागे राहिलेल्यांना आधार नाही. त्याचा एकच विमा होता, तो म्हणजे गावाकडचे घर. तो गावाकडे पळाला, हा त्याचा अधर्म नव्हे.

हे पाणी चढते आहे हे बारा वर्षे आधी एका माणसाने सांगून ठेवले होते. नारायण मेघाजी लोखंडे हे त्याचे नाव. 1848 साली जन्मलेले लोखंडे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे मागणीपत्र तयार केले. त्यातील मागण्या काय होत्या? रविवारी सुटी द्यावी, दुपारी अर्धा तास विसावा द्यावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम घ्यावे, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्यावा, आणि कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार द्यावा, कायमचा निकामी झाल्यास त्याची तरतूद करावी. रविवारची सुटी 1890 साली मिळाली. जखमी कामगाराला नुकसानभरपाई देण्याचा कायदा व्हावयास मात्र 1923 साल उजाडावे लागले. या मागण्या वेळीच मान्य झाल्या असत्या तर प्लेग टळला असता असे मी म्हणत नाही. परंतु ज्याचा पगार हातात आहे आणि ज्याला आपल्यामागे कोणी उभे आहे असे वाटते, तो माणूस इस्पितळावर दगड घेऊन जाण्यापूर्वी एकदा तरी थांबला असता, असे मला वाटते.

प्लेग आला तेव्हा लोखंडे रावबहादूर होते, नामांकित होते. त्यांना मुंबई सोडता आली असती. ते गेले नाहीत. कामगार वस्तीत रोग्यांच्या सेवेत राहिले, आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी प्लेगनेच गेले. कामगार पळाला त्याला मी दोष देत नाही, आणि लोखंडे राहिले त्याला मी नुसता चमत्कारही म्हणत नाही. कर्तव्य सर्वांना सारखे नसते. ज्याने दहा माणसांचा विश्वास घेतला, त्याच्यावर दहा माणसांचे ऋण चढते. सुकाळात ज्याने ‘मी तुमचा’ असे म्हटले, त्याने संकटात ते शब्द परत घेऊ नयेत.

लोखंडे गेल्यावर महिन्याभरातच पुण्यास सावित्रीबाई फुले गेल्या. वय सहासष्ट. जोतीरावांना जाऊन सहा वर्षे लोटलेली. साथ पुण्यात शिरली तेव्हा त्यांनी आपला मुलगा डॉ. यशवंत यास बोलावून घेतले. तो सैन्याच्या वैद्यकीय खात्यात होता. हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका मुलाला प्लेगची गाठ आली, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घालून दवाखान्यात आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला.

हा यशवंत कोण, हे आठवा. फुले दांपत्याने 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. समाजाने टाकलेल्या विधवांनी तेथे निर्धास्त बाळंत व्हावे, एवढाच हेतू. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा 1874 साली या दांपत्याने दत्तक घेतला. तोच हा यशवंत. ज्या मुलाला समाज जगू देणार नव्हता, तोच पुढे समाजावर साथ आली तेव्हा औषधाची पेटी घेऊन उभा राहिला! शिवाय 1876–77 च्या दुष्काळात याच सत्यशोधक मंडळींनी भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालविले होते. म्हणजे 1897 सालचे धैर्य 1897 साली उगवलेले नव्हते. त्याची पेरणी तीस-पस्तीस वर्षे चालली होती.

मला जे सांगावयाचे आहे ते हेच. संकटाच्या दिवशी माणूस नवी नीती शोधत नाही. जी सवय असेल तीच त्या दिवशी हाताला येते. परक्याचे मूल आपले मानण्याची सवय ज्या घराला होती, त्या घरातील म्हातारीला पाठीवर कोणाचे मूल घ्यावे असा प्रश्नच पडला नाही. आणि आपण कापूस पिकवणारी माणसे. मृग उलटून गेल्यावर पेरलेले काय हाती लागते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

उलट बाजूही पाहा. सावित्रीबाई गेल्या त्याच्या आदल्या महिन्यात, 4 फेब्रुवारी 1897 रोजी, सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. त्या गेल्यानंतर तीन दिवसांनी, 13 मार्चपासून, रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर पुण्यात घरे तपासू लागले. रोगी वेगळा ठेवणे हा वैद्यकाच्या दृष्टीने वेडेपणा नव्हता. परंतु देवघरात बूट घालून शिरणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील? लोक रोगी लपवू लागले. 22 जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारजवळ कायदा होता, फौज होती, दवाखानेही होते. नव्हता तो विश्वास. आणि विश्वास ही वस्तू साथ आल्यावर तार करून मागविता येत नाही.

हा कायदा जुना झाला असे समजू नका. मार्च 2020 मध्ये करोनाची साथ आली तेव्हा राज्य सरकारने तोच 1897 सालचा कायदा लागू केला. आणि पुन्हा कामगार शहर सोडून गावाकडे निघाला. आपल्या जिल्ह्यातून, पाटणबोरी आणि पांढरकवड्यावरून जो महामार्ग नागपूरकडे जातो, त्यावरून हैदराबादकडून माणसे डोक्यावर बोचकी आणि खांद्यावर मुले घेऊन चालत गेली. काही गावांनी वेशीवर काट्या टाकल्या. काहींनी त्याच वेशीवर पाण्याचे माठ आणि भाकरीच्या दुरड्या ठेवल्या. रोग एकच, भीतीही एकच. फरक पडला तो त्याआधीच्या वर्षांत त्या गावात काय चालत होते त्याचा. मला तर असे दिसते की, जेथे बचत गट, भजनी मंडळ, हमालांची संघटना, असे काहीही एकत्र बसण्याचे निमित्त आधीपासून होते, तेथे माठ लवकर भरला गेला.

तेव्हा पुढची साथ किंवा पुढचा दुष्काळ येईल त्या दिवशी मी कसा वागेन, याची चिंता आज करू नका. त्याचे उत्तर आज कोणालाच देता येणार नाही, आणि जो छातीठोकपणे देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आज विचारावयाचे प्रश्न साधे आहेत. आपल्या दुकानातल्या, शेतातल्या, घरातल्या कामकऱ्याचा पगार वेळेवर पोचतो काय? आजारपणात त्याची मजुरी कापली जाते काय? आपल्या गल्लीत एकटे कोण राहते हे आपणांस ठाऊक आहे काय? पाणी कमरेला लागले असताना या प्रश्नांची उत्तरे दिलेली असली, तर ते नाकाशी आल्यावर पायाखाली कोणाला घालावे हा विचार निदान काही माणसांच्या मनात तरी येणार नाही. आणि हौदाच्या काठावर जे उभे आहेत त्यांनाही, पाणी बंद करा, असे एका आवाजात सांगता येईल.