हार्ड डिस्कची साफसफाई : काय काढावे, काय राखावे

संगणक मंदावला की हार्ड डिस्क ‘साफ’ करण्याचा सल्ला हमखास मिळतो. मात्र या एका शब्दात दोन निरनिराळी कामे दडलेली आहेत. डिस्कवरील जागा मोकळी करणे हे एक आणि डिस्कची प्रकृती तपासणे हे दुसरे. पहिल्याने दुसरे साधत नाही. अनावश्यक फायली काढल्याने झिजलेल्या डिस्कचे आयुष्य वाढत नाही. उलट अखेरच्या घटका मोजणाऱ्या डिस्कवर तासन् तास चालणारी कामे लादली, तर ती त्याच दिवशी बंद पडण्याची भीती असते. त्यामुळे आधी तपासणी, मग महत्त्वाच्या फायलींची दुसरीकडे प्रत आणि त्यानंतरच साफसफाई, हा क्रम सोडू नये.

पारंपरिक हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप असलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे या वेगाने फिरत असतात आणि माहिती वाचणारे-लिहिणारे ‘हेड’ त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. चालू संगणकाला बसलेला धक्का किंवा अचानक गेलेली वीज या रचनेला मानवत नाही. वीज जाण्याच्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते. भारनियमनाचा अनुभव घेतलेल्या गावांतील दुकानदारांना आणि झेरॉक्स केंद्रांना यूपीएसचे महत्त्व सांगावे लागत नाही.

डिस्कच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या अंतर्गत यंत्रणेत होत असते. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने ती पाहता येते. खराब झाल्याने बदललेल्या सेक्टरांची संख्या आणि वाचता न आल्याने प्रलंबित राहिलेल्या सेक्टरांची संख्या, हे दोन आकडे प्रथम पाहावेत. ते शून्यावर नसतील आणि वाढत असतील, तर डिस्क बदलण्याची वेळ आली असे समजावे. परंतु आकडे चांगले दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. गुगलच्या संशोधकांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली त्रुटी आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, त्रुटी नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असल्याचे त्यात आढळले. त्याचबरोबर बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख पूर्वखुणांपैकी एकही दिसली नव्हती. म्हणजे खूण दिसली तर धोका नक्की. न दिसली तर सुरक्षितता नक्की नाही. ‘टक् टक्’ असा आवाज करणारी डिस्क तर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहूच नये. तिच्यातील माहिती मोलाची असेल, तर संगणक बंद करून ती थेट तज्ज्ञाकडे द्यावी.

प्रकृती ठीक असेल आणि प्रत काढून झाली असेल, तर जागा मोकळी करण्याचे काम तसे सोपे आहे. विंडोजमधील ‘डिस्क क्लीनअप’ आणि विंडोज १० पासून आलेले ‘स्टोरेज सेन्स’ तात्पुरत्या फायली, अद्यतनांचे अवशेष व रीसायकल बिनमधील साठा काढून टाकतात. विंडोजची नवी आवृत्ती बसवल्यावर मागे राहणारे ‘विंडोज.ओल्ड’ हे फोल्डर अनेक जीबी जागा अडवते. ते सहसा दहा दिवसांनी आपोआप जाते. त्याआधी काढल्यास जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट बंद होते. ‘स्टोरेज सेन्स’मध्ये ‘डाउनलोड्स’ फोल्डर रिकामे करण्याचाही पर्याय आहे. पुष्कळ घरांत बँकेची विवरणपत्रे आणि मुलांच्या गुणपत्रिका तिथेच पडलेल्या असतात, याचे भान ठेवून तो निवडावा. (एक टेराबाइटच्या नव्या डिस्कवर विंडोजला ९३१ जीबीच दिसतात, ती फसवणूक नव्हे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीत.)

खरे नुकसान होते ते हाताने केलेल्या साफसफाईत. पेन ड्राइव्हवरून काढलेली किंवा शिफ्ट आणि डिलीट या कळांनी पुसलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जातच नाही. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमधील फाइल संगणकावरून काढली, की ती त्या सेवेतूनही, आणि म्हणून मोबाइलमधूनही, नाहीशी होऊ शकते. ‘तिकडे प्रत आहेच’ या समजुतीने अनेकांची छायाचित्रे गेली आहेत. जोडलेले फोल्डर ही प्रत नव्हे, तो आरसा आहे.

मराठी वापरकर्त्यांनी आणखी एका गोष्टीची दखल घ्यायला हवी. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर त्या त्या फॉन्टविना वाचता येत नाही. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग उमटते. सोसायट्यांची इतिवृत्ते, स्मरणिका, कवितांच्या वह्या असा कितीतरी ऐवज या स्वरूपात पडून आहे. डिस्क फॉरमॅट करताना फायलींची प्रत घेतली जाते, फॉन्टचे फोल्डर मात्र विस्मरणात जाते. त्याचीही प्रत घ्यावी आणि सवड मिळेल तसा तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवावा.

डिफ्रॅगमेंटेशनबाबतचे जुने सल्ले आता जसेच्या तसे लागू पडत नाहीत. फाइलचे तुकडे तबकडीवर विखुरले की हेडला धावाधाव करावी लागते. ते तुकडे सलग मांडणे हे या प्रक्रियेचे काम. विंडोज एक्सपीमध्ये ते वापरकर्त्याला स्वतः करावे लागे आणि त्यासाठी किमान १५ टक्के जागा मोकळी लागे. विस्टापासून ते ठरावीक वेळी आपोआप होऊ लागले. हलणारा एकही भाग नसलेल्या एसएसडीला मात्र याचा लाभ नगण्य, आणि तिच्या लेखनाच्या फेऱ्या मर्यादित असल्याने वेगळ्या प्रोग्रॅमने वारंवार केलेले डिफ्रॅगमेंटेशन निष्कारण झीज घडवते. विंडोज ८ पासूनचे ‘ऑप्टिमाइझ’ तिला ‘ट्रिम’ ही सूचना देते. तेवढे पुरेसे असते. वेगाचीच तक्रार असेल, तर जुन्या डिस्कच्या साफसफाईत रविवार घालवण्यापेक्षा विंडोज एसएसडीवर हलवणे कितीतरी परिणामकारक ठरते.

जुनी डिस्क विकताना किंवा भंगारात देताना नेमकी उलटी अडचण येते. पुसलेली फाइल लगेच नष्ट होत नाही. सूचीतील तिची नोंद काढली जाते आणि तबकडीवरील मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. म्हणूनच चुकून पुसलेले छायाचित्र परत मिळवायचे असेल तर त्या डिस्कचा वापर तत्काळ थांबवायचा असतो. एसएसडीवर ‘ट्रिम’मुळे ही आशा फारशी उरत नाही. ‘क्विक फॉरमॅट’ही सूचीच कोरी करतो. विस्टापासूनच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहितो. मोठ्या डिस्कला त्यासाठी काही तास लागतात. सुरूच न होणाऱ्या डिस्कवर तोही करता येत नाही, तेव्हा ती उघडून तबकड्या निकामी केल्यानंतरच भंगारवाल्याच्या हाती द्यावी.