क्रेडिट रिपोर्टला कुलूप लावता येतं का? न घेतलेल्या कर्जापासून वाचायचं असेल तर हे वाचा

पेरणीच्या तोंडावर बँकेत गेलं आणि 'तुमचं सिबिल खराब आहे' हे उत्तर ऐकून परत आलं, हा अनुभव बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना नवा नाही. पीककर्जासाठी सिबिलची अट लावू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना अनेकदा बजावलंय. पण ट्रॅक्टर, घर किंवा दुकानासाठी कर्ज मागितलं की रिपोर्ट उघडला जातोच. त्यात कधी कधी असं कर्ज निघतं, जे त्या माणसाने घेतलेलंच नसतं.

हे फक्त साध्या माणसांसोबत होतं असंही नाही. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेता राजकुमार राव याने ट्विट करून सांगितलं होतं की, त्याच्या पॅन कार्डचा गैरवापर करून कुणीतरी अडीच हजारांचं कर्ज उचललं आणि त्याचा सिबिल स्कोअर घसरला. रक्कम किरकोळ, पण थकली की नोंद थकबाकीदार अशीच होते. मुंबईत तर 'लाडकी बहीण'च्या नावाखाली महिलांची कागदपत्रं घेऊन, त्यांच्या नावावर कर्ज काढून आयफोन उचलल्याचं प्रकरण पोलिसांत गेलं.

मग रिपोर्ट फ्रीज करून टाकायचा का?

अमेरिकेत ते जमतं. २०१७ मध्ये तिथे इक्विफॅक्स कंपनीकडून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. त्यानंतर सप्टेंबर २०१८ पासून क्रेडिट फ्रीज कायद्यानेच मोफत झालं. फ्रीज केलं की नवं कर्ज देणाऱ्याला रिपोर्ट दिसत नाही, त्यामुळे चोराचा अर्ज सहसा तिथेच अडकतो.

भारतात असा कायदेशीर हक्क नाही. आपल्याकडे क्रेडिट माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सगळ्यालाच 'सिबिल' म्हणतो, गडबड तिथेच होते. सिबिलने सशुल्क योजनेत रिपोर्ट लॉक-अनलॉक करण्याची सोय दिली आहे (पैसे भरण्याआधी तुमच्या प्लॅनमध्ये ती आहे का ते बघा). पण हे कुलूप एकाच दाराला लागतं. कर्ज देणाऱ्याने दुसऱ्या कंपनीकडून रिपोर्ट मागवला तर त्याचा उपयोग शून्य. शिवाय स्वतःला कर्ज हवं असेल तेव्हा ते आठवणीने उघडावं लागतं.

कुलूप नाही, पण पहारा ठेवता येतो

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा आहे. म्हणजे दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा मागवला तर वर्षभर लक्ष राहतं, तेही फुकट. वेबसाइटवर प्लॅन विकायचा आग्रह होईल, तिकडे दुर्लक्ष करायचं. रिपोर्टमध्ये स्कोअरपेक्षा आधी 'एन्क्वायरी'चा भाग बघा. तिथे अनोळखी फायनान्स कंपनीचं नाव असेल तर तुमच्या नावाने कुणीतरी अर्ज केलेला असू शकतो. कर्ज मंजूर होण्याआधीच कळण्याची हीच जागा.

तुमचा रिपोर्ट कुणी उघडला की एसएमएस किंवा ईमेल पाठवणंही या कंपन्यांना बंधनकारक आहे. अडचण एवढीच की बँकेत जुना, बंद पडलेला किंवा शहरात राहणाऱ्या मुलाचा नंबर असेल तर तो मेसेज तुमच्यापर्यंत येणारच नाही. खेड्यात हे सर्रास असतं. पुढच्या वेळी पासबुक भरायला जाल तेव्हा नंबर बदलून घ्या.

खरी गळती कागदाची आहे. सेतू केंद्र, झेरॉक्सचं दुकान, सिमकार्डवाला, व्हॉट्सॲप ग्रुप, आधार-पॅनच्या प्रती कुठे कुठे पडून असतात याचा हिशोबच नसतो. चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. आधारचं बायोमेट्रिकही एम-आधार ॲपवरून लॉक करता येतं आणि हे कुलूप मोफत आहे. बायोमेट्रिक लॉकने अंगठ्याचा गैरवापर थांबतो, ओटीपीचा नाही. म्हणून ओटीपी कुणालाच सांगायचा नाही.

नावावर बोगस कर्ज सापडलंच तर?

ज्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये ते दिसलं तिच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा, पैसे लागत नाहीत. कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा ॲपलाही लेखी कळवा, कारण त्यांनी मान्य केल्याशिवाय नोंद दुरुस्त होत नाही. सोबत १९३० या हेल्पलाइनवर किंवा बुलढाण्याच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार देऊन तिची प्रत जपून ठेवा. वसुलीचे फोन सुरू झाले की हाच कागद दाखवायचा असतो.

३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई म्हणून मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यानंतरही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. सप्टेंबर २०२२ पासून या चारही कंपन्या लोकपालाच्या कक्षेत आहेत. ही तक्रारही मोफत आहे आणि त्यासाठी वकील लागत नाही.