चौकटीत न मावणारी नावं

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मला माझ्या वडिलांच्या नावानं ई-मेल येत होते. भारतीय पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि ‘दिलेलं नाव’ वेगळं असतं. माझ्या पासपोर्टवर त्या दुसऱ्या ओळीत माझं नाव आणि वडिलांचं नाव शेजारी-शेजारी बसलंय. कार्यालयाच्या संगणकप्रणालीनं त्यातलं दुसरं उचललं. आडनाव काळे, रोमन लिपीत ते लिहिलं की इथले लोक ‘केल’ वाचतात, म्हणजे सॅलडमधला पाला. थोडक्यात, एक सज्जन गृहस्थ आणि एक पालेभाजी यांच्या मधे कुठेतरी मी.

हसून सोडून द्यावं अशीच ही गोष्ट. पण रोटोटुनाहून रोज कामाला जाताना मनात एक प्रश्न रेंगाळू लागला. कार्यालयात कुणालाच माझं नाव चुकवायचं नव्हतं, माणसं तर फार अगत्याची होती. मग चूक केली कुणी? उत्तर शोधताना मी टंकयंत्रापर्यंत मागे गेले.

सुरुवात शेजारच्या मेजापासून झाली. तिथला माझा सहकारी वाइकाटो इवीचा, म्हणजे इथल्या माओरी समूहाचा. माओरीत दीर्घ स्वर महत्त्वाचा. ‘मतुआ’ म्हणजे वडील आणि ‘मातुआ’ म्हणजे आईवडील. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जेवढं अंतर, तेवढंच. रोमन लिपीत हा दीर्घ स्वर दाखवायला आज अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ देतात. तिला तोहुतो म्हणतात. माझा सहकारी मात्र रेघ देत नाही, स्वर दोनदा लिहितो. मला वाटलं, कळफलकाचा आळस असेल. तो हसला आणि म्हणाला, “ही आमची पद्धत आहे.”

खरंच आहे. वाइकाटो-ताइनुईचे लोक आजही दुहेरी स्वर लिहितात. भाषाशास्त्रज्ञ ब्रूस बिग्ज यांनी या पद्धतीचा जोरदार पुरस्कार केला होता, आणि तिचा एक मोठा व्यावहारिक फायदा होता: कुठल्याही साध्या टंकयंत्रावर ती चालायची, वेगळी कळ लागायची नाही. 1987च्या कायद्यानं माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा आणि भाषा आयोग मिळाला. आयोगानं रेघेची बाजू घेतली. पण ज्या यंत्रांवर ही अधिकृत भाषा लिहायची, त्यांच्यात रेघ नव्हतीच. 1963च्या आस्की संकेतप्रणालीत एकूण जागा 128, आणि त्या इंग्रजीच्या गरजेपुरत्या. त्याच 1987 साली पश्चिम युरोपसाठी जी वाढीव संकेतसूची ठरली, तिच्यात जर्मन अक्षरांवरच्या दोन टिंबांना जागा मिळाली, माओरीच्या रेघेला नाही.

मग लोकांनी युक्ती काढली. टिंबांच्या जागी रेघ काढणारे खास फाँट बनवले. पडद्यावर दिसायला माओरी, यंत्राच्या लेखी जर्मन. तोच मजकूर फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की रेघा जाऊन टिंबं यायची.

इथे मराठी वाचकाला काहीतरी आठवलं असेल. श्रीलिपीत किंवा तशाच एखाद्या फाँटमध्ये केलेली फाइल परदेशातल्या भावाला पाठवली आणि त्याच्याकडे नुसती अगम्य चिन्हं उमटली, हा अनुभव आपल्यापैकी किती जणांनी घेतलाय! युक्ती तीच. दिसायला मराठी, आतून रोमन चिन्हांची रांग.

वाईट याचं वाटतं, की त्याआधीच पुण्यात याहून चांगलं उत्तर तयार होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान 1988 साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आलं. संगणकात एक कार्ड बसवायचं, की तो देवनागरी लिहू लागे. त्यामागचा विचार मला आजही सुंदर वाटतो. टंकयंत्र आकार साठवतं: अर्धा क, काना, वेलांटी असे तुकडे टंकलेखकानं जुळवायचे. नवी पद्धत वर्ण साठवत होती. क, हलन्त, ष एवढं सांगा, ‘क्ष’ कसा काढायचा ते यंत्र बघेल. इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे. ‘क’ची कळ मराठीत, बंगालीत, तमिळमध्ये एकच. 1991 साली इस्की हे भारतीय मानक आलं आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी आली. तरी पुढची पंधरा-वीस वर्षं छापखाने आणि कार्यालयं बऱ्याच प्रमाणात फाँटच्या युक्तीवरच चालली, कारण छपाईचं काम त्यावर लगेच भागत होतं.

छपाईचं भागलं, पण माणसांचं? एखाद्या सरकारी कार्यालयातल्या अंध कर्मचाऱ्याचा विचार करा. संगणकावरचा मजकूर त्याला वाचून दाखवतं ते पडदावाचक सॉफ्टवेअर. मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 साली एनव्हीडीए नावाचा मोफत पडदावाचक सुरू केला. युनिकोडमधलं मराठी परिपत्रक त्याला वाचता येतं. जुन्या फाँटमधलं परिपत्रक मात्र तो जसं आहे तसं, म्हणजे निरर्थक रोमन चिन्हं म्हणूनच वाचतो. डोळस सहकाऱ्याला दोन्ही कागद सारखेच दिसतात, म्हणून आपण कुणाला बाहेर ठेवतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही. आरक्षणानं त्या कर्मचाऱ्याला खुर्ची मिळाली, पण फाँटनं त्याच्या हातातलं काम काढून घेतलं.

महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखक पदासाठी वेगाची अट मराठीला मिनिटाला 30 शब्दांची, इंग्रजीला 40. हा फरक वाचला की मला बरं वाटतं. देवनागरीत एका अक्षराला दोन-तीन कळा दाबाव्या लागतात, हे कुणीतरी मान्य केलं आणि त्याचा भार टंकलेखकावर टाकला नाही. समावेश म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं: मोजपट्टी कुणाच्या मापानं बनवली आहे हे पाहणं.

युनिकोड आल्यानंतरही मराठीला आपली जागा मागत राहावी लागली. ॲडव्होकेट, ॲकाउंटंट, ॲडमिशन हे कचेरीतले रोजचे शब्द, पण त्यांतल्या ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत मिळाला तो 2008 साली.

आता नोकरीच्या दारात नवा द्वारपाल उभा आहे. नावावरून माणूस पारखला जातो, हे जुनंच. बर्ट्रंड आणि मुल्लैनाथन यांच्या 2004च्या प्रसिद्ध अभ्यासात बॉस्टन आणि शिकागोतल्या जाहिरातींना सुमारे 5,000 काल्पनिक अर्ज पाठवले गेले. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना जवळजवळ दीडपट बोलावणी आली. यंत्र तरी निःपक्षपाती असेल, अशी आशा होती. पण ॲमेझॉननं अर्ज चाळण्यासाठी बनवलेली प्रणाली बायकांच्या अर्जांना कमी गुण देत होती, हे 2018 साली उघड झालं. ती कंपनीकडे आलेल्या जुन्या अर्जांवरूनच शिकली होती, आणि त्यांत पुरुषांची बहुसंख्या होती. जुनी सवयच यंत्रात उतरली होती.

म्हणून इथलं एक उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. उत्तरेकडच्या काइताइयातल्या ते हिकु मीडिया या माओरी प्रसारण संस्थेनं 2018 साली लोकांना आपल्या भाषेतली वाक्यं वाचून पाठवायचं आवाहन केलं. दहा दिवसांत सुमारे 300 तासांचं ध्वनिमुद्रण जमलं. त्यावर त्यांनी माओरी समजणारी प्रणाली उभी केली आणि ते आवाज कुठल्या मोठ्या कंपनीच्या हवाली केले नाहीत. माझ्या वाइकाटो विद्यापीठातही 1842पासूनची माओरी वर्तमानपत्रं ग्रीनस्टोन या इथेच जन्मलेल्या सॉफ्टवेअरवर सगळ्यांना खुली आहेत. चौकट दुसऱ्यानं आखून द्यायची वाट त्यांनी पाहिली नाही.

माझ्या नावाचं काय झालं? मी मनुष्यबळ विभागाला लिहिलं. तिथल्या बाईंनी दिलगिरी व्यक्त केली, प्रणालीत ‘आवडतं नाव’ असा रकाना असल्याचं सांगितलं आणि दोन दिवसांत दुरुस्ती झाली. आता ई-मेल मलाच येतात. पण तो रकाना आपोआप आलेला नाही. कुणीतरी माझ्याआधी तक्रार केली असणार, कदाचित डोक्यावर रेघ असलेल्या नावाच्या एखाद्या माणसानं.

तेव्हा तुमच्या कार्यालयात तुमचं नाव चुकलं असेल, तर “चालतंय हो” म्हणून सोडू नका. दोन ओळी लिहा. वडिलांचं नाव मधे लावणारा पुढचा माणूस विमानात बसला असेल.