‘इथे तपासू नका’ : अँटिव्हायरसच्या अपवादांची कुळकथा

मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर अँटिव्हायरसची सेटिंग्ज उघडली की ‘एक्सक्लूजन्स’ची यादी हमखास भेटते. अमुक फोल्डर सोडून द्या, तमुक प्रकारच्या फाइली तपासू नका. संरक्षणासाठी विकत घेतलेल्या प्रोग्रॅमलाच ‘इकडे फिरकू नकोस’ असं बजावण्याची पाळी का आली?

१९८६मध्ये ‘ब्रेन’ व्हायरस फ्लॉपीवरून पसरला आणि पुढच्याच वर्षी अँटिव्हायरस बाजारात येऊ लागले. सुरुवातीचे स्कॅनर सांगितल्यावरच डिस्क तपासत. काम थांबवायचं, स्कॅन चालवायचं, मग पुन्हा कामाला लागायचं. त्यामुळे तपासणी आणि काम यांची टक्कर क्वचितच होई. नव्वदच्या दशकात ‘ऑन-ॲक्सेस’ तपासणी रुळली आणि चित्र पालटलं. कुठल्याही प्रोग्रॅमने फाइल मागितली की वाटेत बसलेला फिल्टर ड्रायव्हर ती आधी तपासणार, मगच हाती देणार. घरच्या कॉम्प्युटरवर हे खपून गेलं. रात्रंदिवस लिहिणाऱ्या सर्व्हरवर मात्र जुंपली.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २००० या मेल सर्व्हरचं उदाहरण घ्या. आलेला मेल आधी लॉग फाइलमध्ये उतरतो, मग सवडीने मुख्य डेटाबेसमध्ये जातो. ही लॉग फाइल ५ एमबीची. एक भरली की दुसरी सुरू. समजा, एखाद्या मेलसोबत व्हायरस आला आणि त्याचे बाइट लॉगमध्ये लिहिले गेले. अँटिव्हायरसला ओळखीची खूण दिसली आणि त्याने नेमून दिल्याप्रमाणे अख्खी लॉग फाइल क्वारंटाइनमध्ये टाकली. एका मेलपायी त्या फाइलमधले सगळेच व्यवहार अडकले, लॉगची साखळी तुटली आणि डेटाबेस माउंट होईना. मुनीम लिहीत असताना पहारेकऱ्याने वहीच जप्त करावी, तसा हा प्रकार.

कंपनीच्या नेटवर्कवरचं लॉगिन सांभाळणाऱ्या डोमेन कंट्रोलर सर्व्हरवर वेगळीच तऱ्हा. विंडोज २०००च्या काळात ‘सिसव्हॉल’ फोल्डर सगळ्या कंट्रोलरवर एकसारखा ठेवण्याचं काम फाइल रेप्लिकेशन सर्व्हिसकडे असे. काही अँटिव्हायरस तपासता तपासता फाइलींचे सिक्युरिटी डिस्क्रिप्टर नव्याने लिहीत. आतला मजकूर तोच, पण सर्व्हिस समजे की फाइल बदलली. मग त्याच फाइली पुन्हा पुन्हा सगळ्या कंट्रोलरकडे धावत आणि नेटवर्क तुंबे.

अशाच अडचणींवर मायक्रोसॉफ्टने ८२२१५८ क्रमांकाचा लेख काढला. विंडोज अपडेटचा डेटाबेस, ॲक्टिव्ह डिरेक्टरीची ‘एनटीडीएस.डीआयटी’, त्यांचे लॉग, सिसव्हॉलचे ठरावीक भाग अशा वगळायच्या जागा त्यात नेमकेपणाने दिल्या आहेत. असं केल्याने कॉम्प्युटर हल्ल्याला अधिक उघडा पडू शकतो, हा इशाराही त्यातच आहे. पुढे विंडोज सर्व्हर २०१६मधला डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटिव्हायरस सर्व्हरचं काम ओळखून असे अपवाद आपोआप लावू लागला.

पण नेमकेपणा आणि इशारा दोन्ही मागे पडले. यादी तेवढी लांबत गेली. सॉफ्टवेअर हळू चालतंय? अख्खा फोल्डर वगळा. त्यातही प्रोसेसचा अपवाद नीट समजून न घेता दिला जातो. डिफेंडरमध्ये ही सूट त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फाइलीला नसते, तो उघडेल त्या फाइलींना असते. एका नोंदीने केवढं दार उघडतं पाहा.

हल्लेखोरांनी ते बरोबर हेरलं. पॉवरशेलच्या ‘ॲड-एमपीप्रेफरन्स’ या एका आज्ञेने मालवेअर आपलाच फोल्डर यादीत घुसवू लागलं. जानेवारी २०२२मध्ये तर विंडोज १०च्या काही आवृत्त्यांत साधा वापरकर्ताही ही यादी रजिस्ट्रीत वाचू शकतो, हे चव्हाट्यावर आलं. कुठे लपायचं, याचा पत्ताच हाती मिळण्यासारखं होतं ते.

फेब्रुवारी २०२३मध्ये खुद्द एक्स्चेंजच्या चमूने पाऊल मागे घेतलं. एएसपी डॉट नेटच्या तात्पुरत्या फाइली, ‘इनेटएसआरव्ही’ फोल्डर, पॉवरशेल आणि ‘डब्ल्यू३डब्ल्यूपी’ या प्रोसेस यांचे अपवाद आता काढून टाका, असं त्यांनी सांगितलं. वेबशेल (सर्व्हरवर लपवलेल्या घातक स्क्रिप्ट) आणि आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमधले चोरदरवाजे या अपवादांमुळे नजरेतून सुटू शकतात, हे त्यामागचं कारण. एक्स्चेंज २०१९वर डिफेंडर चालवताना हे अपवाद काढल्याने वेगात किंवा स्थैर्यात फरक पडत नाही, हेही त्यांनी नमूद केलं. म्हणजे कधीकाळची गरज संपली होती, नोंद मात्र तशीच राहिली होती.

अपवाद खऱ्या अडचणीतून जन्मले, म्हणून ते सरसकट पुसून टाकणं हा उपाय नव्हे. पण प्रत्येक नोंदीपुढे ती कुणी मागितली, का मागितली आणि पुन्हा कधी तपासायची, एवढं लिहिलेलं असलंच पाहिजे. ड्राइव्ह नको, फोल्डर द्या. फाइलीने भागत असेल तर फोल्डरही नको. तुमच्याकडे सर्व्हरची जबाबदारी असेल, तर या आठवड्यात ती यादी उघडा आणि ज्या नोंदीचं कारण कुणालाच सांगता येत नाही, तिची शहानिशा आधी करा.