निशिगंध : घरच्या बागेतील लागवड व निगा

निशिगंध (गुलछडी, रजनीगंधा) : मूळचे मेक्सिकोतील, पण महाराष्ट्रात हार, वेणी आणि फुलदाणीसाठी कायमचे रुळलेले कंदवर्गीय फुलझाड. पूर्वी त्याचे शास्त्रीय नाव पॉलिअँथस ट्यूबरोझा असे होते. आता ते घायपाताच्या ॲगेव्ह या प्रजातीत धरले जाते. पांढरी, नळीसारखी फुले उंच दांड्यावर खालून वर उमलत जातात. सुगंध सूर्यास्तानंतर वाढतो, म्हणून संध्याकाळच्या बैठकीच्या जागेजवळच हे झाड लावावे. एकेरी फुलांचे वाण सुगंधाला सरस, तर दुहेरी फुलदाणीत शोभणारे. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने शृंगार व प्रज्वल हे एकेरी आणि सुवासिनी हा दुहेरी वाण विकसित केला आहे.

लागवड एप्रिल-मेमध्ये करावी, म्हणजे जोराच्या पावसाआधी मुळे धरतात. कंद टणक, निरोगी आणि किमान २ सेंमी. जाडीचा निवडावा. त्याहून लहान कंद पहिल्या वर्षी बहुधा नुसती पानेच देतो. कंद सुमारे ५ सेंमी. खोल, शेंडा वर ठेवून, २० सेंमी. अंतरावर लावतात, १२ इंची कुंडीत तीन कंद पुरतात. दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन हवे. साधारण तीन महिन्यांत फुले येतात.

या झाडाचा खरा शत्रू साचलेले पाणी. काळ्या चिकण मातीत भरपूर वाळू व कुजलेले शेणखत मिसळल्याशिवाय कंद लावूच नये. कोकणातल्या पावसात तर उंच वाफा किंवा तळाशी मोठी भोके असलेली कुंडीच बरी. लावल्यावर एकदा पाणी द्यावे आणि कोंब दिसेपर्यंत हात आखडता ठेवावा. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींसाठी मातीत निंबोळी पेंड मिसळावी. शेजारी झेंडू लावल्यानेही त्यांचा उपद्रव कमी होतो.

‘पहिल्या वर्षी भरपूर फुलला, पुढे नुसतीच पाने’ ही नेहमीची तक्रार. कारण असे, की एक कंद एकदाच फुलतो. पुढची फुले त्याच्याभोवती धरलेल्या पिल्लांची, आणि ती पोसतात पानांनी बनवलेल्या अन्नावर. तेव्हा दांडा कापावा, पण हिरव्या पानांना कात्री लावू नये. गड्डा फार दाटला की पिल्लांना जागा व अन्न अपुरे पडून फुले रोडावतात. दोन-तीन वर्षांनी हिवाळ्यात पाने पिवळी पडू लागली की पाणी तोडावे, गड्डा खणून कंद सुटे करावेत आणि हवेशीर सावलीत किमान महिनाभर विसावा द्यावा. मोठे कंद पुन्हा लावावेत. लहान कंद टाकून न देता वेगळ्या वाफ्यात वाढवले, तर पुढच्या हंगामांत तेही फुलतात.